शंकासुर

कोकणात शंकासुर शिमग्याला येतो. आमच्या हिंजवडीच्या हापिसात तो दर सोमवारी अकराच्या ब्रेनस्टॉर्मिंगला येतो. काळा झगा, टोकदार टोपी तेवढी नसते. गळ्यात आयकार्ड असतं.

‘मला फक्त एक बेसिक प्रश्न आहे,’ असं म्हणून तो सुरू होतो आणि साडेचार मिनिटांनी ‘बरोबर ना?’वर थांबतो. मधला मजकूर म्हणजे त्याच्या जुन्या कंपनीचा इतिहास. समोरच्याने मान हलवायची, बस.

वाचन मात्र दांडगं. ब्रेनस्टॉर्मिंगचा जनक अ‍ॅलेक्स ऑसबर्न, त्याचं १९५३ सालचं पुस्तक, त्यातले नियम, सगळं तोंडपाठ. कल्पना मांडल्या जात असताना टीका करायची नाही, हा नियम तो आम्हाला बजावतो आणि त्याच दमात विचारतो, ‘हे चालेल असं खरंच वाटतं तुला?’ टीकेच्या शेपटीला प्रश्नचिन्ह बांधलं की ती जिज्ञासा होते, असा त्याचा समज आहे.

मध्यंतरी त्याला टोयोटाचे पाच ‘का’ सापडले. बिघाडाच्या मुळाशी जायला पाचदा ‘का’ विचारायचं. यंत्रांसाठी उत्तम पद्धत. याने ती टेस्टिंगच्या नव्या पोरावर चालवली. चौथ्या ‘का’ला पोरगं म्हणालं, ‘सर, पाचवा एचआरसमोर विचारा.’

परवाचा विषय होता, कँटीनमधली रांग कमी कशी करायची. फळ्यावर अ‍ॅप, टोकन, मजल्यागणिक वेगळ्या वेळा अशा सतरा कल्पना चढल्या होत्या. हा घरचा डबा खाणारा, त्यात उशिरा आलेला. शेजाऱ्याला कुजबुजत विचारलं, ‘रांग कशासाठी लागते रे?’ कुजबूज जरा मोठी झाली. सगळे गप्प. मग कुणीतरी आठवून म्हणालं, ‘अहो, भाजीपोळी तर लगेच मिळते. धुतलेली ताटं संपतात, तिथे अडतं.’ झालं! पन्नास ताटं वाढवली, रांग ओसरली. अ‍ॅपवाला अजून कुणाशी बोलत नाही. इतक्या वर्षांत शंकासुराने उत्तर ठाऊक नसताना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

त्याच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये अर्थातच हा प्रश्न सर्वांत वर आहे. काल एकीच्या वाढदिवसाचा केक कापून झाला, प्लेट घ्यायला आम्ही ओळीने उभे राहिलो, तर मागून आवाज आला, ‘मला फक्त एक बेसिक प्रश्न आहे. ही रांग नेमकी कशासाठी?’

‘बरोबर ना?’पर्यंत पोचला तेव्हा केक संपला होता.