वाट पाहण्याचे प्राथमिक धडे: बेळगाव-निपाणी आवृत्ती

हा धडा कोणासाठी आहे, ते आधी सांगून टाकू. ज्याला जपानी येत नाही, पण हातात धरून खेळायच्या यंत्रावर साठ-सत्तर तासांची जपानी गोष्ट वाचत वाचत खेळायची हौस आहे, आणि ज्याचं घर खानापूर ते कोगनोळी नाका या पट्ट्यात कुठंतरी आहे, त्याच्यासाठी. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण पाया कच्चा असल्यामुळे त्यांना जड जाईल. वाट पाहणं हा विषय पुण्या-मुंबईच्या पोरांना शिकवणीला नसतो. आपल्याकडे तो घरातच होतो.

पात्रतेची काळजी करू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आपला अभ्यास चालू आहे. १९६६ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्या, बेळगाव शहर आहे तिथंच राहू द्या, असं त्याचं म्हणणं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटक तो उराशी धरून बसलं, आणि आपण नक्की कोणावर रागवायचं हे निपाणीकराला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. पुढे २००४ साली महाराष्ट्राने या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

आता योगायोग पाहा. त्याच २००४ साली जपानात निहोन फाल्कॉम नावाच्या छोट्या कंपनीने ‘सोरा नो किसेकी’ हा गेम संगणकावर आणला. दोन वर्षांनी तो सोनीच्या पीएसपीवर आला, आणि इंग्रजीत यायला २०११ चा मार्च उजाडला. गोष्ट अशा जागी येऊन तुटते की खेळणाऱ्याने हातातलं यंत्र भिंतीवर आपटावं. पुढचा भाग जपान्यांच्या हातात २००६ पासूनच होता. इंग्रजीत तो ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. मधल्या साडेचार वर्षांत अमेरिकेतल्या खेळाडूंनी फार आकांत केला म्हणतात. करू देत बिचारे. साडेचार वर्षं म्हणजे आपल्याकडे पुढची तारीख.

पहिली सूचना: वाट कशाची पाहायची ते निवडून घ्या. ऊठसूट कुठल्याही गेमची पाहू नये. नवशिक्यासाठी माझी शिफारस याच मालिकेतल्या ‘झीरो नो किसेकी’ची. जपानात तो पीएसपीवर सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि कंपनीच्या शिक्क्यानिशी इंग्रजीत सप्टेंबर २०२२ मध्ये. बारा वर्षं, म्हणजे तप पूर्ण. त्याची वाट आता संपली आहे हे मला ठाऊक आहे. पण सराव सुटलेल्या प्रश्नपत्रिकेवरच करतात. शिवाय हा गेम आपल्यासाठी का, त्याचं कारण वेगळंच आहे.

गोष्ट घडते क्रॉसबेल नावाच्या शहरात. एका बाजूला मोठं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला मोठं प्रजासत्ताक, मध्ये हे चिमुकलं स्वायत्त राज्य. दोघंही म्हणतात, हे आमचंच. सीमेवर दोन्ही बाजूंना नाके आहेत. शहराला स्वतःचं सैन्य ठेवायची मुभा नाही, आणि कर मात्र दोघांनाही द्यायचा. नगरातले पुढारी दोन गटांत वाटलेले, एक साम्राज्याच्या बाजूचा, एक प्रजासत्ताकाच्या. बाजार भरभराटीचा, कारण दोन्हीकडची माणसं माल घ्यायला इथंच येतात. इथपर्यंत वाचून बेळगावच्या खडेबाजारात आल्यासारखं वाटलं असेल, तर तुम्ही योग्य गेम निवडलात.

अजून ऐका. गेममध्ये या राज्याच्या स्थापनेला सत्तर वर्षं पूर्ण होतात आणि पाच दिवसांचा उत्सव भरतो. १९५६ मध्ये सत्तर मिळवून बघा. आपल्याकडे १ नोव्हेंबरला एकाच रस्त्याने एका वेळी कर्नाटकाच्या राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या वेळी मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. क्रॉसबेलमध्ये तेवढी सोय नाही, तिथं फक्त उत्सव. पुढच्या ‘आओ नो किसेकी’ या भागात शहरात चाळीस मजली टोलेजंग इमारत उभी राहते, आणि तिच्या उद्‌घाटनाला शेजारचे बडे लोक परिषदेला जमतात. बेळगावात हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधाचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते झालं. जपानी गेम आला होता २०११ च्या सप्टेंबरात. फाल्कॉमचा कोणी माणूस हलग्याला येऊन गेला होता असा माझा दावा नाही. हद्दीवरच्या गावात मोठी इमारत का बांधतात, ते जगभर सगळ्यांना सारखंच कळतं, इतकंच.

नायक लॉइड हा तरुण पोलीस. तीन वर्षं बाहेर राहून गावी परत येतो आणि पोलिसांच्या एका नव्या, कोणी फारसं न मोजणाऱ्या विभागात दाखल होतो. कामं काय, तर हरवलेलं मांजर शोधा, गल्लीतली भांडणं मिटवा. मोठे गुन्हेगार दिसत असतात, पण त्यांच्या पाठीशी इकडचं किंवा तिकडचं वजन असल्यामुळे हात लावता येत नाही. या जागी गेम थोडा वेळ बाजूला ठेवून चहा घ्यावा.

दुसरी सूचना: इंग्रजी आवृत्तीला उशीर का होतो ते समजून घ्या, म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर जातील. या मालिकेत पोळ्या लाटणाऱ्या बाईपासून रेल्वेच्या हमालापर्यंत जवळजवळ प्रत्येकाला नाव आहे, घर आहे, प्रेमप्रकरण आहे. गोष्टीत काही घडलं की साऱ्या गावाचं बोलणं बदलतं. बेकरीवाला सकाळी एक सांगतो, दुपारी परिषद सुरू झाली की दुसरं. सगळ्यांशी पुन्हा पुन्हा बोलत हिंडणारा खेळाडू शंभरात एखादा असेल. भाषांतर करणाऱ्याला मात्र प्रत्येक ओळ करावीच लागते, आणि तीही अशी की आठ तासांपूर्वी म्हातारी काय बोलली होती त्याच्याशी जुळेल. एवढा मजकूर आणि खप बेताचा, असा हिशेब मांडला की कंपन्या हळूच पाऊल मागे घेतात. ‘सोरा’चा दुसरा भाग इंग्रजीत करायचं काम एका बाहेरच्या छोट्या चमूकडे दिलं होतं, २०१४ मध्ये येईल असं जाहीर झालं आणि वर्ष उलटून गेलं. अशा कामात यंत्र अडत नाही, माणूस थकतो.

आणि तो माणूस कसा असतो हे बेळगावकराला सांगायला नको. उमा कुलकर्णी मूळच्या आपल्या बेळगावच्या. कन्नड लेखक भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत गेल्या त्या त्यांच्या अनुवादांमुळे. त्यांची कामाची रीत अशी: पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर घेणार, आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवणार. भैरप्पांचं ‘वंशवृक्ष’ कन्नडमध्ये १९६५ साली आलं. त्याच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८९ साली. आपल्यातल्या कितीतरी घरांत भाजीवाल्याशी कन्नड फाडफाड बोलणारी, पण भैरप्पा कन्नडमध्ये वाचायला धजत नसलेली माणसं होती, आणि ती मराठी पुस्तकाची वाट बघत वाचनालयात नाव लावून ठेवत. तुम्ही ज्याला नवा छंद समजता तो तुमच्या आत्याने केव्हाच करून ठेवलाय. तिला विचारा. गेम म्हणजे काय ते समजावण्यात वेळ घालवू नका. ‘मोठ्ठी कादंबरी हाय, भाषांतर व्हायचंय’ एवढं पुरे.

तिसरी सूचना, आणि ही सगळ्यात अवघड: पुढचं कळू देऊ नका. झालं असं की मधल्या काळात इंग्रजी आवृत्ती काढणाऱ्या कंपनीने याच मालिकेतला नंतरचा ‘कोल्ड स्टील’ आधी इंग्रजीत आणला. पहिला भाग डिसेंबर २०१५, दुसरा सप्टेंबर २०१६. ती गोष्ट शेजारच्या साम्राज्यातून सांगितलेली. म्हणजे क्रॉसबेलचं शेवटी काय होतं हे इंग्रजी वाचकाला साम्राज्याच्या वर्तमानपत्रातून कळलं, आणि क्रॉसबेलच्या लोकांचं म्हणणं ऐकायला मिळालं सहा-सात वर्षांनी. आपल्याबद्दलच्या बातम्या बंगळूर आणि मुंबईच्या वाहिन्यांवर आधी ऐकायची सवय असलेल्यांना यात नवीन काही नाही. तरी सांभाळा. कोल्हापूरला शिकणारा तुमचा मावसभाऊ ‘कोल्ड स्टील’ खेळून बसलेला असतो आणि दिवाळीत पहिल्या फराळालाच तोंड उघडतो. त्याच्या ताटात चकल्या पडत राहतील अशी व्यवस्था करा.

वाट पाहताना हात मोकळे असतात, तेव्हा माणसं तीन मार्गांना लागतात. काही जपानी शिकायला घेतात. हिरागाना होईपर्यंत उत्साह टिकतो, कांजीला गाडी घाटात बंद पडते. काही जण जपानी प्रत आणून एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात इंग्रजी संवादांचा छापील तक्ता घेऊन ओळीमागून ओळ जुळवत बसतात. पीएसपीच्या गेमना प्रदेशाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे हे जमायचं. हा मार्ग सातबारा आणि फेरफार यांच्या जुळवाजुळवीत वाढलेल्या मुलांना विशेष मानवतो.

तिसऱ्या मार्गाला गेलेल्यांबद्दल मात्र टोपी काढूनच बोलावं लागेल. जिओफ्रंट नावाच्या हौशी मंडळींनी कोणी सांगितलं नसताना, कोणी पैसे देत नसताना ‘झीरो’ पूर्ण इंग्रजीत केला. आधीच्या एका चाहत्याने केलेलं भाषांतर हाताशी घेतलं, ते घासूनपुसून घेतलं, आणि मार्च २०२० मध्ये बाहेर आणलं. पुढच्या वर्षी ‘आओ’ही. मग जून २०२१ मध्ये फाल्कॉमच्या चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने अधिकृत आवृत्तीची घोषणा झाली, आणि ती काढणाऱ्या कंपनीने नव्याने भाषांतर न करता याच मंडळींचं काम आधाराला घेतलं. बारा वर्षं ज्या दारासमोर लोक उभे होते, ते दार रांगेतल्याच चौघांनी आत जाऊन उघडलं. आमच्या भागात रांगेला इतका मान आहे की रांगेतून बाहेर पडून काही करता येतं ही कल्पनाच आम्हाला थोडी उद्धट वाटते. माझं स्वतःचं मत विचाराल तर, सीमाभागातल्या मुलाने या गेममधून एवढी एकच गोष्ट उचलली तरी साठ तास वसूल.

वाट पाहण्याचा हा विषय लवकरच अभ्यासक्रमातून जाईल अशी लक्षणं आहेत. ‘सोरा’ची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये जपानीत आणि इंग्रजीत एकाच दिवशी आली. इतकी घाई पाहून मला गैरच वाटलं. सात वर्षांची तपश्चर्या जिच्यासाठी केली ती शुक्रवारी संध्याकाळी विनासायास हाती पडावी! पुढच्या पिढीचं कसं व्हायचं?

आता गेम आला तर काय करायचं. ‘झीरो’ इंग्रजीत आला त्याच वर्षी डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा पेटला, महाराष्ट्राच्या एसटी कर्नाटकात यायच्या बंद झाल्या, कोगनोळी नाक्यावर पोलीस उभे राहिले. घरी बसून क्रॉसबेल हिंडायला याहून चांगला मुहूर्त मिळणं कठीण होतं. हेस्कॉमची वीज जाईल हे गृहीत धरून यंत्र चार्ज करून ठेवा. इंग्रजी आपली तिसरी किंवा चौथी भाषा, तेव्हा संवाद भरभर पुढे ढकलू नका. बेकरीवाला कुठं पळून जात नाही. ‘झीरो’ संपायच्या आतच ‘अझ्युर’ घेऊन ठेवा. ‘आओ’ इंग्रजीत याच नावाने मार्च २०२३ मध्ये आलाय, त्यामुळे या वेळी मध्ये लोंबकळत राहायचं कारण नाही.

शेवटची सूचना घरच्यांबाबत. दुसऱ्या भागात एका टप्प्यावर शहराच्या भवितव्याचा ठराव येतो आणि लोकांचा कौल घ्यायचं ठरतं. ही जागा एकट्याने, दार लावून खेळावी. पात्रं जपानीतच बोलतात, त्यामुळे आवाजाने कोणाला काही कळायचं नाही. पण तुम्ही उत्साहाच्या भरात आज्जाला अर्थ सांगायला गेलात की संपलं. ते चष्मा लावून शेजारी बसतील. काकाला हाक जाईल, महाराष्ट्र एकीकरण समितीत काम केलेले समोरच्या घरातले मामा येतील, कन्नड शाळेतले निवृत्त मास्तर असतील तर तेही येतील आणि वेगळ्या खुर्चीवर बसतील. मतमोजणीपर्यंत कोणी जेवायला उठणार नाही. बटण दाबायला तुम्हाला जरा उशीर झाला की आज्जा विचारतील, “थांबला का रे? वकील आला नाही?”