छत्तीसचा आकडा

ईसीयू काकांना "गाडी चालू झाली का?" असं विचारू नये. बाकीची माणसं या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणतात. काका म्हणतात, "सेल मारला की सिंक मिळतोय, पण ३००० च्या वर लॉस होतोय." विचारणारा हातातली दुधाची पिशवी सावरत "अरे वा" म्हणतो आणि लिफ्ट गाठतो. काका लिफ्टपर्यंत मागे येतात. ग्राफ दाखवायचा राहिलेला असतो.

हा नमुना पुण्यात मुबलक. (कोल्हापुरात याहून जास्त, पण तिथे त्यांच्या गाड्या चालतात.) पन्नाशी, स्वेच्छानिवृत्ती आणि एक जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी, एवढं भांडवल पुरतं. जिप्सी उत्तम चालत होती, हेच काकांचं खरं दुखणं. कार्ब्युरेटर उतरला, इंजेक्टर चढले आणि डॅशबोर्डखाली बाहेरून मागवलेला ईसीयू, म्हणजे इंजिनचा मेंदू, बसला. "कंपनीवाले त्यांच्या ईसीयूत डोकावू देत नाहीत हो. यात सगळं आपल्या हातात." काकांच्या हातात सगळं असणं ही काकूंना धमकी वाटते.

आता ठिणगी नेमकी कधी टाकायची हे ठरवायला ईसीयूला क्रॅंकचा कोन कळावा लागतो. त्यासाठी पुलीवर दात्यांचं चक्र बसवतात. काकांनी ते भोसरीतून लेझरने कापून आणलं. ३६ दात्यांची जागा, दर १० अंशांना एक, आणि त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. सेन्सरसमोरून दाते सरकत राहतात. गाळलेली जागा आली की तबलजीला सम सापडावी तशी ईसीयूला जागा सापडते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ३५०० दाते मोजायचे. एखादा निसटला, किंवा नसलेला दिसला, की ईसीयू हात वर करून ठिणगीच थांबवतो. याला सिंक जाणं म्हणतात. काकूंच्या मते ते काकांचंही जातं, पण त्याचा ग्राफ निघत नाही.

सेन्सर दोन वायरींचा. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. बाहेरून वीज द्यायला नको, दाता जवळून गेला की सेन्सरच ती तयार करतो. इंजिन हळू फिरलं तर मिणमिणती, जोरात फिरलं तर दणदणीत. म्हणून सेन्सर आणि दाता यांच्यातली फट मिलिमीटरभराचीच ठेवायची. काका ती रोज सकाळी फीलर गेज घालून मोजतात. रात्रीतून वाढली तर काय घ्या?

फट जागच्या जागी निघाली तेव्हा काकांनी निदान केलं : "नॉइज आहे." काकूंनी घाईघाईने मिक्सर बंद केला. मग रेझिस्टरवाले प्लग आले, शील्डवाली केबल आली. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे केली तर शील्डमधूनच करंट खेळायला लागतो, हे भाषण आता सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहे. एका नवख्या कुरिअरवाल्याला त्याने ते ऐकवलंही. शेवटी बुधवारच्या जुन्या बाजारातून एक ऑसिलोस्कोप आला. तो चालू व्हायला जिप्सीहून जास्त वेळ घेतो, म्हणून काकांचा विशेष लाडका.

एवढं होऊन ठिणगीचा कोन एका जागी बांधून टायमिंग लाइट मारला, तर जागची हलू नये अशी पुलीवरची खूण इंजिनच्या वेगाबरोबर सरकताना स्वच्छ दिसत होती. काकांनी ती नोंद वहीत सुवाच्य अक्षरात केली आणि दुसरा ईसीयू मागवला. या माणसांचा संशय नेहमी किमतीच्या उतरत्या क्रमाने चालतो.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने मात्र ती खूण पाहून एवढंच विचारलं, "सेन्सरच्या दोन वायरी उलट करून बघितल्यात का, काका?"

नव्हत्या बघितल्या. कारण तो जोड काकांनी स्वतः झाळला होता. वर स्लीव्ह, स्लीव्हवर जाळी, जाळीवर छापील लेबल. मुलीच्या लग्नातल्या रुखवतावरही इतकी मेहनत झाली नव्हती. तो जोड कापायचा? पण या सेन्सरमध्ये सगळी गोम तीच असते. दाता बरोबर समोर आला की व्होल्टेज झपकन शून्य ओलांडून खाली जातं. तो क्षण धारदार, ईसीयूने तोच धरायचा. वायरी उलट झाल्या की ईसीयू दात्याऐवजी दोन दात्यांमधली खाच धरतो, आणि गाळलेल्या जागेत तर शून्य कधी सापडेल याचा भरवसाच नसतो.

गॅरेजवाल्याने कटर लावला तेव्हा काका पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे होते. वायरी फिरवल्या, कोन नव्याने बसवला, सेल मारला. जिप्सी ६००० पर्यंत एकही दाता न चुकवता ओरडली. वरच्या मजल्यावरून दोघांनी खिडक्या लावल्या, बाकीचे खाली आले. काका लॅपटॉप उघडून मिश्रणाचा आकडा पाहत होते. इतक्या दिवसांत प्रथमच तो जागेवर स्थिर होता.

"मग काका, अ‍ॅव्हरेज किती?" तळमजल्यावरच्यांनी विचारलं.

"चौदा पॉइंट सात," काका स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा.

"जिप्सीला चौदा? आमच्या मेव्हण्याची नऊच्या वर जात नाही. त्याच्याही गाडीला बसवून द्या की हे!"

काकांनी वळून बघितलं आणि मेव्हण्याच्या गाडीचं मॉडेल विचारलं.