बेअरिंगकाका

रोह्यात बेअरिंगकाकांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ऐन मे महिन्यात ज्या घरातला पंखा जमिनीवर उतरवून ठेवलेला असतो आणि घरची माणसं वारा खायला शेजारी जाऊन बसलेली असतात, ते त्यांचं घर.

काका धाटावच्या एमआयडीसीतले निवृत्त मेंटेनन्स फिटर. कारखाना सुटला, कान तेवढे ड्युटीवर राहिले. साखरपुड्याला गेले की नवरामुलगा राहतो बाजूला, काका छताकडे बघतात. “६२०२ गेलंय,” असं वधूपित्याला गंभीरपणे सांगतात. वधूपित्याला वाटतं, हा हुंड्याचा आकडा; असतो तो पंख्याच्या बेअरिंगचा नंबर. मिक्सर घरघरला की स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला. निदान ठरलेलं: “ग्रीस सुकलंय.” उपचारही ठरलेला: घासलेटात आंघोळ आणि वर बोटभर ग्रीस.

मुलगी पेणला दिलेली. गणपतीचे दिवस जवळ आले की काका मेमू पकडतात, नागोठणे-कासू करत पेण गाठतात आणि आधी मूर्तींच्या कारखान्यात डोकावतात. बाकीचे मूर्तीची आखणी बघतात. काका कॉम्प्रेसरजवळ उभे. प्लास्टरची धूळ बेअरिंगची वैरीण, हे ते तिथल्या पोरांना दरवर्षी सांगतात. हवेच्या झोताने बेअरिंग गरगरा फिरवत सुकवणाऱ्या एकाला त्यांनी असं झापलं, की पोरगा रंगाच्या डब्यामागे लपला. झापणं रास्तच होतं. तसं फिरवलेलं कोरडं बेअरिंग फुटून छर्रे डोळ्यात जाऊ शकतात.

अशा माणसाच्या हाती नातवाचा यो-यो लागला.

आत इवलंसं बेअरिंग: बाहेरून १२.७ मिलिमीटर, भोक ६.३५. काकांनी ‘खेळणं’ म्हणून नाक मुरडलं. पण १९८४मध्ये खुद्द ‘एसकेएफ’ने बेअरिंगचे यो-यो काढले होते, हे नातवाने सांगताच ते सावरून बसले. एसकेएफ म्हणजे त्यांचं कुलदैवत. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी त्या बेअरिंगमध्ये मनोभावे ग्रीस भरलं.

सकाळी यो-यो खाली गेला आणि तसाच वर आला. “बघ, कसा आज्ञाधारक झाला!” काका खूश. नातू रडायच्या बेतात. त्याला यो-यो दोरीच्या टोकाशी गरगरत राहायला हवा होता. खेळाडू त्याला ‘झोपणं’ म्हणतात, आणि त्याच वेळात सगळ्या करामती होतात. घट्ट ग्रीसमुळे बेअरिंग जड फिरतं, दोरी पकडली जाते आणि यो-यो भलत्या वेळी परततो.

मग नातवाने आजोबांची शिकवणी सुरू केली. सुईने बारीक रिंग काढायची, दोन्ही बाजूंची झाकणं उतरवायची. घासलेट नको, ते मागे तेलकट थर ठेवतं. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, काचेच्या बरणीत ॲसिटोन घ्यायचं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. बेअरिंग त्यात हलवायचं, फडक्यावर पूर्ण सुकवायचं आणि सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकच थेंब द्यायचा.

“एकच?” फिटरचा आवाज कापरा झाला.

“एकच, आजोबा. तोही लहान.”

यो-यो खाली गेला आणि झोपला. काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट उलटलं तरी आवाज नाही, थरथर नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

“झकास चाललाय. आण इकडे, उघडून बघू.”