जनावर आलंय!

“तुमच्या मागीलदारी जनावर आलंय हो!”

गडग्यापलीकडून तात्यांची ही हाळी आली तेव्हा आम्हाला गावात येऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते. मी पुण्याचा. आमच्याकडे ‘जनावर’ हा शब्द माणसांसाठी राखून ठेवलेला आहे आणि तो मुख्यतः सिग्नलला वापरतात. पण आजोळ सोलापूरकडचं, त्यामुळे जनावरं म्हणजे गाईगुरं एवढं ठाऊक होतं. तात्यांची गाय सुटून आली असणार, असा हिशेब करून मी माडाची एक वाळकी झावळी उचलली, ‘हट् हट्’ करत मागच्या दारी गेलो आणि थेट अळवाच्या वाफ्यात शिरलो. गाय दिसेना.

“तिकडं लांब काय बघताव? पायाशी बघा,” तात्या म्हणाले.

पायापासून हातभर अंतरावर एक धामण सावकाश चालली होती. ‘एक’ म्हटलं ते मोजदादीपुरतं. लांबीने ती दोघींची होती. तिचं तोंड अळवात होतं आणि शेपूट अजून न्हाणीघराच्या कोपऱ्याला वळसा घालायचं होतं. त्यानंतर मी ओटीवर कसा पोहोचलो ते मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, स्वयंपाकघर, माजघर आणि दोन उंबरे मी एका ढांगेत पार केले आणि ‘गाय नाहीये’ एवढंच म्हणालो.

देवरुखाहून मार्लेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत हे गाव आहे. घर एका मित्राचं, वडिलोपार्जित, कुलूप लावून पडलेलं. माझं काम लॅपटॉपवर होणारं, तेव्हा जून ते सप्टेंबर तुम्ही राहा, घरात वावर राहिला की वाळवी लागत नाही, असं तो म्हणाला. भाडं नको म्हणाला. हवा, पाणी, शांतता याविषयी पुष्कळ बोलला. माळ्याविषयी काही बोलला नाही. आम्ही पुणे-देवरुख एसटीने आंबा घाट उतरून आलो तेव्हा ढग घाटात बसलेले होते आणि मी बायकोला म्हटलंही, की बघ, कुणाची वर्दळ नाही. वर्दळ होती, ती आम्हाला दिसत नव्हती इतकंच.

तर त्या भागात सापाला साप म्हणत नाहीत. दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही. ‘जनावर’ म्हणायचं, नाहीतर ‘लांबडं’. नाव घेतलं की ते आपल्यालाच बोलावलं असं समजून येतं, असा समज आहे. मी तात्यांना सांगितलं, की सापाला बाहेरचे कान नसतात, हवेतला आवाज त्याला फारसा कळत नाही. तात्या म्हणाले, “असेल. पन आपल्याला कान हायत ना? पोरं बिचकतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धामणीवर तात्यांचा एक जुना आरोपही आहे. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात. खरं तर सापाला चोखून पिताच येत नाही, पण आरोपाचं खरं-खोटं न करता तात्यांनी तिला माफ केलं आहे, कारण ती उंदीर खाते. दूध नावे, उंदीर जमा, आणि खात्यावर काहीतरी शिल्लक उरतं, म्हणून काठी उचलायची नाही.

खरा धाक फुरशाचा. हे पाव-अर्धा मीटर लांबीचं प्रकरण जांभ्याच्या दगडांत, पाचोळ्यात पडून असतं आणि चिडलं की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. नाग, मण्यार, घोणस यांच्या पंक्तीला बसणारं विषारी. रत्नागिरी जिल्ह्यात त्याचा एवढा सुळसुळाट होता, की इंग्रज सरकारने फुरसं मारून आणणाऱ्याला इनाम लावलं होतं. इंग्रज गेले, इनाम गेलं, फुरसं आहे. तात्यांनी आम्हाला एकच नियम दिला: हात घालायच्या आधी काठी घालायची. लाकडाच्या राशीत, गडग्याच्या फटीत, बुटात. मी जरा अतिच केलं. पहिले आठ दिवस मी पिठाच्या डब्यातही आधी लाटणं घालत होतो.

एवढं झाल्यावर आम्ही मार्लेश्वरला गेलो. शेकडो पायऱ्या चढून गुहेत शंकराचं ठाणं. संक्रांतीला या देवाचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं आणि तेव्हा गर्दी मावत नाही. एरवी लोक देवाइतकेच सापांच्या दर्शनाला येतात. गुहेच्या कपारींत साप राहतात आणि कुणाला काही करत नाहीत, अशी ख्याती आहे. वाकून आत शिरलो. समयांच्या उजेडात माझ्या पुढचा माणूस, मागचा माणूस, त्याच्या कडेवरची मुलगी अशा सगळ्यांना साप दिसले. “ते काय, ते काय!” मला फक्त कपार दिसली. पायऱ्या उतरलो, रिक्षाने घरी आलो, बेडं सरकवायला हात पुढे केला आणि गडग्यावर धामण ऊन खात पडलेली. इथे ना रांग, ना पायऱ्या. मी हात जोडले, बेड्यापासून दहा पावलं मागे सरलो आणि तिचं ऊन खाऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

पाऊस जोरात लागला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्यातला निम्मा बहुधा आमच्या न्हाणीघरात पडला असावा. पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री घरामागच्या डबक्यात कुणीतरी जुनी लूना चालू करत होतं. चालू होई, बंद पडे, पुन्हा किक. दुसऱ्या मिनिटाला पंधरा-वीस लूना. बॅटरी घेऊन गेलो तर पिवळेजर्द बेडूक, हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखे, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेले निळे फुगे. एरवी मातकट असणारे हे नर विणीच्या दिवसांत असे नटतात. पहाटे चारपर्यंत वरात चालली. आमच्या पुण्यातल्या इमारतीसमोर मंगल कार्यालय आहे, त्यामुळे झोप लागायला तसा त्रास झाला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, रात्री आठला, पुन्हा हाळी.

“जनावर आलंय हो!”

या वेळी मी गाफील नव्हतो. बायकोला ओटीवरच्या झोपाळ्यावर चढवलं, स्वतः चढलो, दोन्ही पाय वर घेतले आणि बॅटरीचा झोत जमिनीवर टाकून कोपरान् कोपरा तपासायला लागलो. चपला, पायपुसणं, छत्र्या.

“खाली काय बघताव?” तात्या ओरडले. “समोर बघा!”

समोर, अंगणाच्या खालच्या अंगाला, तात्यांच्या भातात पाच अंधार उभे होते. झोत वर गेला तसे दहा डोळे हिरवे पेटले. गवे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, हे मी वाचलं होतं. पण हजार किलो म्हणजे काय ते पावसात, पन्नास पावलांवर, बॅटरीचे सेल उतरत असताना नीट कळतं. खांदा माणसाच्या उंचीला लागलेला, मान म्हणजे नुसता उतार, आणि या एवढ्या कारभाराखाली पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! शाळेत निघालेल्या पोरासारखे. मला हसू आलं आणि ते घशातच राहिलं, कारण त्यातल्या एकाने नाकातून हवा सोडली.

तात्यांनी पत्र्याचा डबा बडवला, दोन फटाके लावले. गव्यांनी थोडा विचार केला आणि घाई न करता वर जंगलाकडे निघून गेले. इथून वर सह्याद्रीची भिंत चढली की चांदोलीचं रान आहे, 2010 पासून व्याघ्र प्रकल्पातलं. तिकडून उतरतात, भात-नाचणी बघतात. आमच्या दृष्टीने हा किस्सा होता. पुण्याला फोन करकरून मी तो सहा जणांना सांगितला. सकाळी तात्या चिखलात तुडवलेली रोपं सरळ करत होते. पंचनामा होईल, कागद होतील, पैसे आले तर येतील. ते माझ्यावर रागावले नव्हते, पण मोज्यांच्या गोष्टीवर हसलेही नाहीत.

सहा जणांपैकी एकाने मला कोथरूडची आठवण करून दिली. 2020 च्या डिसेंबरात तिथल्या एका सोसायटीत गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी, मोबाइल, आरडाओरडा, जाळ्या. जीव घेऊन पळून पळून तो त्याच दिवशी मेला. आम्ही तेव्हा घरी बसून तो सगळा प्रकार टीव्हीवर बघत होतो. इथे पाच गवे आले, एक म्हातारा माणूस डबा बडवत उभा राहिला, आणि सगळे जिवंत आपापल्या घरी गेले.

मग माळ्याची गोष्ट. रात्री अडीच. डोक्यावर पावलं. थांबत, अंदाज घेत, आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कोकणात जुन्या घरात राहायला जातोय म्हटल्यावर आम्हाला पुण्यातल्या प्रत्येक नातलगाने एकेक भूत बरोबर बांधून दिलं होतं. बायकोने एवढ्या रात्री त्यांची उजळणी केली. तिसऱ्या रात्री पडवीत पिकायला टांगलेला केळ्यांचा घड अर्धा झाला. गंमत म्हणजे कच्च्या केळ्याला धक्काही नव्हता. पिकलेली तेवढी निवडून, सालीतून गर काढून खाल्लेली. मंडईत इतकी पारख मी माझ्या आईशिवाय कुणाची पाहिलेली नाही.

भूत एवढं चोखंदळ नसतं, असं म्हणून मी शिडीवरून डोकं वर काढलं. समोर, हातभरावर, काळसर मुखवटा घातल्यासारखं एक तोंड माझ्याकडे बघत होतं. दोघांनीही एकदमच डोकं मागे घेतलं.

“तात्या, माळ्यावर जनावर आहे!” मी सकाळी अभिमानाने सांगितलं. शब्द अखेर मला वापरायला मिळाला होता.

“जनावर? छ्या! कांडेचोर तो.”

म्हणजे उदमांजर. ते जनावरात धरत नाहीत. याच उदमांजराच्या भावकीने तिकडे इंडोनेशियात कॉफीची फळं खाल्ली की विष्ठेतल्या बिया धुऊन जगातली एक अतिमहाग कॉफी करतात. हे ऐकून बायकोच्या डोळ्यांत क्षणभर उद्योजक चमकला. तिने माळ्याचा कोपरा तपासला. बिया होत्या, भरपूर होत्या, पण रातांब्याच्या. त्यांचं काय करायचं ते इंडोनेशियालाही माहीत नसावं.

माकडंही जनावरांत नाहीत. ती कौलं उचकटतात, भोपळा एकदा चावून फेकतात, आणि तात्या त्यांच्याविषयी भाऊबंदांविषयी बोलावं तसं बोलतात: “त्यांना सगळं कळतं हो. मुद्दाम करतात.” आणि बिबट्याचं तर नावच निघत नाही. काकी, म्हणजे तात्यांची बायको, जुन्या वळणाच्या. त्या जगात दोघांचीच नावं घेत नाहीत, तात्यांचं आणि बिबट्याचं. तात्यांचं निदान उखाण्यात तरी घेतलं असेल. एरवी दोघांनाही सर्वनामावर भागवायचं. सगळी भिस्त क्रियापदावर. “पहाटे पाखाडीनं वर गेले” म्हणजे तात्या. “पहाटे पाखाडीनं वर गेला” म्हणजे घरातच थांबायचं. पावसाच्या आवाजात तो एक ‘ले’ की ‘ला’ नीट ऐकू येत नसे, म्हणून कित्येकदा बिचाऱ्या तात्यांना भिऊन आम्ही दार उघडलेलं नाही.

ऑगस्टअखेरीस पुण्याहून माझा शाळेपासूनचा मित्र दोन दिवस राहायला आला. तो पशुवैद्य आहे. औंधला दवाखाना, पेशंट सगळे वजनावर लक्ष ठेवणारे लॅब्रेडॉर आणि नैराश्य आलेली पर्शियन मांजरं. गाडीतून उतरला, मोठा श्वास घेतला, “काय शांत आहे रे!” म्हणाला. मी काही बोललो नाही. संध्याकाळी हात-पाय धुवायला मागे निघाला तेव्हा मी आतून, चहा गाळता गाळता, अगदी सहज सांगितलं, “बॅटरी मारून जा हं. जनावर असतं.”

चहा घेऊन बाहेर आलो तर तो हात-पाय न धुताच झोपाळ्यावर मांडी घालून बसला होता. झोपाळ्याच्या कड्या दोन्ही हातांनी धरलेल्या. “कुठलं?” त्याने विचारलं. मला खरोखरच सांगता येईना. चार वेगवेगळी तरी माझ्या डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात बेडं सरकल्याचा आवाज झाला. तात्या. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, आणि आमच्याकडे कोण उतरलंय ते गावात कळायला तासभरही लागला नव्हता.

“डॉक्टर, तुमी जनावरांचेच ना?”

मित्राने नाइलाजाने मान हलवली.

“मंग पाय खाली घ्या. जनावर बघायला चला,” तात्यांनी काठी त्याच्या हातात दिली, “आनि ही धरा. वाटेत जनावर असतं.”