सिरियलकाका

संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत प्रत्येक घरी एक सिरियल चालू असते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे दोन चालतात. बाहेरच्या खोलीत काकूंची, आतल्या खोलीत काकांची. काकूंच्या सिरियलीत सासू असते, काकांच्या सिरियलीत पोर्ट.

मी इथे नवा राहायला आलो तेव्हा काकू जिन्यात म्हणाल्या, "ह्यांना सिरियलचं भारी वेड. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतं." मला वाटलं, निवृत्त झाल्यावर पुरुष हळवे होतात, त्यातलं काही असेल. पुढच्या रविवारी काकांनी मला घरात ओढून नेलं, नऊ टाचण्यांचं एक डोकं नाकासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय?"

"मॉनिटरची पिन?"

काकांनी डोळे मिटले. "मॉनिटरला पंधरा असतात रे." एवढंच म्हणाले, पण तेव्हापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. फी नाही, सुट्टीही नाही.

काकांनी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्स केला. तिथल्या सीएनसी यंत्रांची स्मरणशक्ती बेताची. मोठा प्रोग्रॅम एका घासात मावायचा नाही, म्हणून कॉम्प्युटरवरून सिरियल वायरीतून तो थोडा थोडा सोडायचा. त्याला म्हणायचेच 'ड्रिप फीड'. ठिबक सिंचन! उसाला पाणी द्यावं तसं काकांनी यंत्रांना प्रोग्रॅम पाजले. रात्रपाळीला वायर कानाला लावून बसलेला माणूस आयुष्यात पुन्हा घाई करू शकत नाही. त्या वायरीचं मानक, आरएस-२३२, हे १९६० सालचं, काका १९६१चे. एका वर्षाचं अंतर असलेल्या भावंडांसारखी दोघांची एकमेकांना सवय आहे, आणि जगाने आपल्याला मोडीत काढलंय हे दोघांनाही मान्य नाही.

रविवारी सकाळी काका जुन्या बाजारात जातात आणि लोकांनी टाकलेल्या केबली पिशवीभर घेऊन येतात. मधल्या वारी काही अडलं तर तपकीर गल्ली. तिथले दुकानदार त्यांना लांबून ओळखतात. एक तर म्हणे काका दिसले की मुलाला गल्ल्यावर बसवून चहाला जातो. तीस रुपयांची चिप घेताना काका तिची पंधरा मिनिटं मुलाखत घेतात. घरी एक्सपीवर चालणारा जुना डेस्कटॉप आहे, कारण त्याला 'खरा' पोर्ट आहे. लॅपटॉपवर यूएसबीची वायर लावून चालतं, पण काकांच्या मते ते दत्तक पोरासारखं. लाड करा, पण नाव दर वेळी वेगळं सांगतं. आज कॉम ७, उद्या कॉम १२. परवा कॉम २३ झाला तेव्हा काका त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

या छंदातली माणसं बोलायला लागली की घरातले हळूहळू उठून जातात. मी शेजारी असल्यामुळे उठायला लाजलो आणि त्यामुळे पुष्कळ शिकलो. उदाहरणार्थ, दोन नंबरच्या टाचणीने ऐकायचं आणि तीन नंबरने बोलायचं. दोन कॉम्प्युटर जोडताना याची तीन त्याच्या दोनला गेली पाहिजे. "तोंडाला तोंड लावलं तर संवाद होत नाही," काका समजावून सांगत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि दोघांचेही कान एकमेकांना लावले तर?" काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांची दोन नंबरची टाचणी तेवढ्यापुरती बंद असते.

पोर्ट जिवंत आहे का हे बघायचं असेल तर दोन आणि तीनमध्ये साडीची पिन अडकवायची. मग तुम्ही टाइप कराल तेच तुम्हाला परत दिसतं. सकाळी देवपूजेआधी काका ही तपासणी करतात. 'नमस्कार' टाइप करतात, पडद्यावर 'नमस्कार' उमटतो, काका प्रसन्न होतात. दिवसातला हा एकच नमस्कार असा की ज्याच्यामागे समोरच्याचं काही काम नसतं.

शिवाय या वायरीत सगळं उलटं. शून्य म्हणजे प्लस व्होल्टेज आणि एक म्हणजे मायनस. मी विचारलं, "असं का?" काका म्हणाले, "टेलिग्राफवाल्यांचं घराणं आहे. जुन्या घराण्यात का विचारायचं नसतं." वेगाला 'बॉड' म्हणतात तेही एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्रवाल्याच्या नावावरून. काकांचा बॉड ९६००. प्रत्येक बाइटच्या आधी 'ऐका' सांगणारा एक बिट, मग मजकुराचे आठ, मग 'झालं' सांगणारा एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. हा आकडा काका आपल्या रक्तदाबासारखा सांगतात: न विचारता.

आता हा माणूस नुसता नमस्कार-चमत्कारावर राहिला असता तर सोसायटीचं काही बिघडलं नसतं. पण त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला.

निमित्त पाण्याच्या टाकीचं. वॉचमन मोटर सुरू करून गावाला फोन लावायचा आणि गच्चीवरून धबधबा सुरू झाला की फोन ठेवायचा. मासिक सभेत यावर तीन वर्षं चर्चा चालू होती. कोणीतरी फ्लोट बसवा म्हणालं. काका उठून म्हणाले, "फ्लोट सांगतो, भरली. किती भरली ते आपल्याला दिसलं पाहिजे. मी कॅमेरा लावतो." फुकट म्हटल्यावर ठराव एकमताने मंजूर झाला.

आतल्या खोलीत तयारी सुरू झाली. नखाएवढा कॅमेरा, त्याच्यामागे एक छोटा बोर्ड. त्या बोर्डाची मेमरी दोन किलोबाइट. चित्र ६४० बाय ४८०, काळं-पांढरं, म्हणजे ३,०७,२०० बाइट. ते दोन किलोबाइटमध्ये कसं मावणार? पण एक रेघ मावते, ६४० बाइटची. तेव्हा काकांनी ड्रिप फीड काढलं. एक रेघ टिपायची, वायरीतून सोडायची, मग पुढची रेघ. अशा ४८० रेघा. ३,०७,२०० भागिले ९६०. काकांनी पाठीमागे हात बांधून सांगितलं, "३२० सेकंद. पाच मिनिटं वीस."

"एका तासाला?" मी विचारलं.

"एका चित्राला."

मी म्हटलं, "काका, याला व्हिडिओ म्हणतात?" ते म्हणाले, "सावकाश व्हिडिओ."

वेग वाढवता येत नव्हता असं नाही. १,१५,२०० बॉडवर तेच चित्र २७ सेकंदांत येतं. पण गच्चीपासून घरापर्यंतची वायर ४० फूट, डक्टमधून, तीही जुन्या बाजारातली. वेग वाढवला की मधले बाइट गळतात. आणि एक बाइट गळला की पुढचं सगळं चित्र एका घराने सरकतं. टाकीची डावी भिंत उजवीकडे जाते आणि पाणी उभं दिसतं. यावर उपाय म्हणून प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला खूण पाहिजे. काकांनी खूण ठेवली 'श्री'. रोमन लिपीत चार अक्षरं, चार बाइट. पत्राच्या माथ्यावर असतो तसा प्रत्येक रेघेच्या माथ्यावर श्री. मी हिशेब केला: ४८० रेघा गुणिले चार, भागिले ९६०. बरोबर दोन सेकंद.

"देवाच्या नावाला दोन सेकंद जास्त देतोय मी," काका म्हणाले. "तू किती देतोस?"

पहिल्या चाचणीला मला खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं बावीस सेकंद हलायचं नाही. आमच्या पणजोबांचा एक फोटो आहे, त्यात ते फाशीची शिक्षा ऐकल्यासारखे बसले आहेत. त्यांची अवस्था मला त्या दिवशी कळली. तिसऱ्या मिनिटाला काकूंनी आतून "कांदाभजी खाणार का?" असं विचारलं आणि माझी मान वळली. चित्रात माझं कपाळ समोर बघतंय, नाक स्वयंपाकघराकडे निघालंय आणि हनुवटी परत आली आहे. काकांनी ते छापून भिंतीवर लावलंय. पाहुणे विचारतात, "हे कोण?" काका सांगतात, "पहिली यशस्वी चाचणी."

कॅमेरा टाकीत झाकणाखाली चढवला तो उलटा. पुन्हा वर कोण चढणार? काकांनी प्रोग्रॅमच फिरवला, पहिली रेघ तळाला काढायची. आता चित्र खालून वर येतं. टाकी जशी भरते तसाच पडदाही भरत येतो. समोरच्या भिंतीवर काकांनी ऑइलपेंटने फुटांच्या खुणा केल्या आणि एक दिवा लावला. या कामात त्यांनी पाण्यात घालवलेला हातोडा अजून तळाशी दिसतो, अर्थात पाणी कमी असेल तेव्हा.

पहिले आठ दिवस कौतुकाचे गेले. नवव्या दिवशी पडद्यावर मगर आली.

तळापासून रेघा येत होत्या. आधी शेपूट आलं. ते येतच राहिलं. दोन फुटांच्या खुणेपासून चार फुटांच्या खुणेपर्यंत शेपूट, मग धड, तेही संपेना. चित्र पूर्ण होईपर्यंत सेक्रेटरी, त्यांची मिसेस, तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर आणि मी, सगळे काकांच्या खोलीत उभे. सेक्रेटरींनी दुसऱ्याच मिनिटाला पाणी बंद करायचा हुकूम सोडला. ज्यांनी सकाळी त्याच पाण्याचा चहा घेतला होता ते पोटावर हात ठेवून बसले. वॉचमनला काठी घेऊन वर पाठवलं. खाली येऊन तो म्हणाला, "पाल हाय."

काकांना मात्र ते आधीच कळलं होतं. पाल खालून वर चढत होती आणि रेघाही खालून वर. दोघी मैत्रिणींसारख्या बरोबर चालल्या, म्हणून पाल लांबली. "उलट्या दिशेने आली असती तर पालीचं झुरळ झालं असतं," काका उत्साहाने सांगत होते. ऐकायला कोणी नव्हतं. टाकी धुवून घ्यायचा खर्च सोसायटीवर पडला.

टीका झाली की काका केंब्रिजला जातात. तिथल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं होतं. इतर मजल्यांवरचे लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं. १९९१ साली तिथल्या संशोधकांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. १२८ बाय १२८चं करडं चित्र. १९९३ साली ते वेबवर आलं आणि जगभरातून लोक दुसऱ्याची कॉफी बघायला लागले. २००१ साली कॅमेरा बंद झाला. मग एका जर्मन साप्ताहिकाच्या वेबसाइटवाल्यांनी ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. काकांची मान्यता अशी की पाणी कॉफीहून श्रेष्ठ. "उद्या या टाकीचा लिलाव झाला तर?" त्यांनी सभेत विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा.

शेवटी चौथ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या पोराने वायफायचा तयार कॅमेरा मागवला. काडेपेटीएवढा बोर्ड, जिवंत व्हिडिओ, थेट फोनवर. सगळ्यांना वाटलं, काकांचा बाजार उठला. दोन दिवसांनी ते पोर काकांच्या दारात. बोर्डाला यूएसबीचं भोकच नाही! प्रोग्रॅम आत घालायचा तर सिरियल वायरीनेच, आणि तो काही केल्या जात नव्हता. काकांनी चष्मा लावला. पोराने बोलणाऱ्या टाचणीला बोलणारी जोडली होती. काकांनी चकार शब्द न काढता दोन वायरी अदलाबदल केल्या. आपला विजय त्यांनी इतक्या शांतपणे घेतला की मला भीती वाटली, बरं वाटत नाही की काय. संध्याकाळी गच्चीवर तो कॅमेरा चालू झाला. काकांनी पोराच्या फोनवर पाणी पाहिलं, हलतं, लखलखतं.

"छान," ते म्हणाले. "एकामागून एक फोटोच पाठवतोय, पानं फडफडवल्यासारखे. पाणी दिसतंय. पण येताना दिसत नाही."

आता सोसायटी फोनवर बघते. गच्चीवर वायफाय रुसलं की काकांकडे येते. एरवी काकांकडे कोणी येत नाही, असं मी समजत होतो. परवा रात्री नऊला इस्त्रीचे कपडे द्यायला गेलो, तर बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद. आत काका-काकू खुर्च्या जवळ ओढून बसलेले, मध्ये दाण्यांची वाटी. मोटर चालू होती. पडद्यावर तळापासून रेघा चढत होत्या. पाणी, पाणी, पाणी.

"चार फुटांवर संपणार," काकू म्हणाल्या. "दोन रुपये."

"पाच," काका म्हणाले.

साडेतीनची खूण गेली. पाणी. चारची खूण अर्धी आली. काकूंनी दाणे चघळायचं थांबवलं. मीही कपडे हातातच धरून उभा राहिलो. तेवढ्यात खालून वॉचमनने हाळी दिली, "काकाऽऽ, भरली बरं का टाकीऽऽ!"

काकू खिडकीशी धावल्या. "मेल्या, शेवट कशाला सांगतोस!"