सीलबंद दर्शन

गेल्या रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरचे तात्या जिना उतरून स्वतः बोलवायला आले. "संध्याकाळी दोघंही या. अष्टविनायक आलेत," म्हणाले. माणूस रिटायर झाला की यात्रा करतो, त्यात नवल नाही. हिने प्रसादासाठी वाटी घेतली, मी खिशात अकरा रुपये टाकले. वर गेलो तर टीपॉयवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर चपलांच्या खोक्याएवढी निळी मखमली पेटी, पेटीवर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक, आणि भोवती सोसायटीतली सात माणसं कांदेपोहे खात बसलेली.

"दाखवा की," मी म्हणालो.

"हे काय, दाखवतोच आहे."

"तसं नाही. आतलं."

मी सत्यनारायणाला कोंबडी मागितल्यासारखं तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उघडायचं नसतं ते," खालच्या आवाजात म्हणाले. "सील फुटलं की भाव उतरतो."

पेटीत म्हणे चांदीची आठ नाणी आहेत. मोरगावपासून रांजणगावपर्यंत एकेका नाण्यावर एकेक विनायक. मर्यादित आवृत्ती, जगात फक्त ५००० संच. तात्यांचा क्रमांक ४३१७. हा क्रमांक प्लास्टिकवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे आणि दर्शन घ्यायचं ते त्या चिठ्ठीचंच. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गुडघे गेले तरी वर गणपती दिसतो. इथे लिफ्टने येऊन दिसला नाही.

"आत आठही आहेत कशावरून?" तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या.

"प्रमाणपत्र आहे ना."

"बघू."

"आत आहे."

नंतर बराच वेळ फक्त पोह्यांच्या बश्यांचे आवाज येत होते.

त्या रात्रीपासून मी त्या प्लास्टिकशिवाय दुसरा विचार केलेला नाही. आपल्याकडे प्लास्टिक न काढण्याची परंपरा जुनी आहे. रिमोट, सोफा, नव्या गाडीच्या सीटा, सगळं पिढ्यान् पिढ्या सोवळ्यात. पण रिमोटचं प्लास्टिक न काढताही चॅनल बदलतं. इथे वस्तू, वस्तूचा पुरावा आणि पुराव्याचा शिक्का तिन्ही एकाच पेटीत, आणि पेटी उघडणारा मूर्ख. मी शांतपणे हिशेब मांडला. तात्या उघडणार नाहीत. त्यांच्याकडून जो विकत घेईल, तो दुप्पट पैसे मोजणार, म्हणजे तो तर अजिबात उघडणार नाही. तिसरा चौपट मोजेल, तो पेटीकडे मोठ्याने श्वाससुद्धा सोडणार नाही. म्हणजे जितके हात बदलतील तितकं ते सील पवित्र होणार आणि आतल्या नाण्यांची गरज तितकी कमी होणार. असं असताना कंपनीने आत खरोखर चांदी घातली असेल, तर तो निव्वळ बावळटपणा किंवा जुन्या वळणाचा प्रामाणिकपणा. आठ वॉशर आणि थोडा कापूस घालून भागलं असतं. वजन भरलं असतं, हलवल्यावर आवाजही आला असता. पण हलवायचंही नसतंच. पुढे तात्यांच्या दोन मुलांच्या वाटण्या होतील. थोरला इथे, धाकटा न्यू जर्सीत. चार विनायक याला, चार त्याला, असं करायचं तर सील फोडावं लागेल, आणि फोडलं तर वाटायला भाव उरणार नाही. म्हणजे दावा लागणार. पेटी मुद्देमाल म्हणून जमा होणार, त्यावर आणखी एक सील बसणार, आणि दोन सिलांची पेटी एका सिलाच्या पेटीपेक्षा दुर्मीळ म्हणून भाव आणखी चढणार. नातवाच्या काळात निकाल लागेल, तेव्हा पेटीची किंमत वकिलाच्या बिलाच्या जवळपास पोहोचलेली असेल.

हे मी गमतीत म्हणतोय असं वाटेल. नाणेसंग्राहकांच्या बाजारात रिकाम्या पेट्या विकल्या जातात. सुटी प्रमाणपत्रं विकली जातात. पेटीच्या बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका शाबूत असेल तर त्याचेही पैसे मिळतात. तात्यांचा खोका वहिनींनी सोमवारी घंटागाडीत टाकला. तेव्हापासून त्या घरात अबोला आहे.

आता ही नाणी कुठल्या देशाची? आपल्या नव्हे. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाची, दर्शनी किंमत प्रत्येकी दोन डॉलर. हा धंदा जुना आहे. बेटाने नाव आणि मुद्रा द्यायची, नाणी पाडायची भलत्याच देशातल्या टांकसाळीत आणि विकायची तिसऱ्याच देशातल्या रिटायर लोकांना. न्युए नावाच्या बेटाच्या नावाने अशी पुष्कळ नाणी निघतात. त्या बेटाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे. म्हणजे तात्यांच्यासारखे ५००० संच खरोखर अशा देशात वापरायला काढले, तर बेटावरच्या प्रत्येक तान्ह्या पोराच्या वाट्याला अडीचहून जास्त अष्टविनायक येतील. नाणं चलनात यायला माणसं लागतात, ही अडचण त्या धंद्यात कुणाला जाणवलेली दिसत नाही.

आणि फक्त ५००० म्हणजे किती? तात्यांच्याकडचा साधा संच ५०००. माहितीपत्रक वाचलं तर सोन्याच्या मुलाम्याचा वेगळा, रंगीत वेगळा, दिवाळीचा वेगळा. प्रत्येक मर्यादित, प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र. लग्नात पंगती उठतात तशा आवृत्त्या उठतात. प्रत्येक पंगतीला पानं मोजकीच, पण दिवसभरात गाव जेवून जातं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुर्मीळ या शब्दाचा अर्थ कुणी तात्यांना सांगितलेला नाही. ५००० माणसांनी ५००० पेट्या घेतल्या, पाच हजारही कपाटात ठेवल्या, झुरळाच्या गोळ्या टाकल्या, किल्ली गळ्यात घातली. शंभर वर्षांनी किती उरतील? ५०००. आणि घ्यायला कोण येईल? ज्यांना हव्या होत्या त्या पाच हजारांनी आधीच घेतल्यात. जी वस्तू जपण्यासाठीच जन्माला येते ती कधी दुर्मीळ होत नाही. नाणं दुर्मीळ होतं ते लोक त्याची पर्वा करत नाहीत म्हणून. अमेरिकेत १९३३ साली वीस डॉलरची सोन्याची ४,४५,५०० नाणी पाडली. ती चलनात येण्याआधी सरकारने सोन्याची नाणीच बंद केली, आणि पाडलेली परत मुशीत घातली. थोडी वाटेत पळाली. त्यातलं खासगी माणसाच्या मालकीचं म्हणून कायद्याने मान्य झालेलं एक नाणं २०२१ साली लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. त्याच्यासोबत मखमली पेटी निघाली नव्हती, की त्याच्यावर ४३१७ लिहिलेलं नव्हतं. साडेचार लाख भावंडं वितळली म्हणून ते महाग. तात्यांच्या पेटीचा भाव खरंच वाढवायचा असेल तर एकच मार्ग आहे: बाकीच्या ४९९९ मालकांना गाठून त्यांच्या पेट्या भट्टीत घालायच्या. रिटायर माणसाला वेळ असतो, मी सुचवूनही पाहिलं.

किंवा आपलंच घ्या. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा. तांब्याची टंचाई होती, म्हणून मधलं भोक. लोकांनी त्यांचे वॉशर केले, पोरांच्या करगोट्यात ओवले, विहिरीत टाकले, हरवले. १९६४ साली तीन पैशांचं षटकोनी नाणं आलं, अल्युमिनियमचं, पाण्यावर तरंगेल इतकं हलकं. त्याला कुणी जपलं? वीस पैशांचं पितळी, कमळाचं, १९६८ पासून चारेक वर्षं पाडलं. ती नाणी ज्यांनी पाहिलीत त्यांच्या डोळ्यांसमोर आता कंडक्टरची चामडी पिशवी आली असेल. ती खणखणायची. 'वाजवून घ्या' हा वाक्प्रचार आपल्याकडे उगीच आलेला नाही. दुकानदार रुपया दगडी पायरीवर टाकायचा, कान द्यायचा आणि मग गल्ल्यात. तात्यांचं नाणं वाजवायचं तर आधी प्लास्टिक, मग मखमल, मग प्रत्येक नाण्याची गोल डबी. खऱ्याखोट्याची पहिली परीक्षा घेण्याला पहिली बंदी.

माहितीपत्रकात 'अँटिक फिनिश' असाही एक प्रकार होता, ९९९ संच. नवं कोरं नाणं जुनं दिसावं म्हणून काळवंडवून देतात, त्याचे जादा पैसे. माझी आजी बरोबर उलटं करायची. तिच्याकडे सात राणीछाप रुपये होते, लक्ष्मीपूजनाला ती ते चिंचेने घासायची. पस्तीस-चाळीस दिवाळ्या घासून राणीचं नाक सपाट झालं, साल वाचेना. संग्राहकाला दाखवले तर तो कळवळला, म्हणाला, घासल्याने किंमत गेली. शास्त्र म्हणून त्याचं बरोबर आहे, घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. पण त्या प्रत्येक रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि त्यात बारातले अकरा भाग चांदी होती, आणि ते सातही रुपये तिने माझ्या वडिलांच्या कॉलेजच्या फीसाठी एका सोनाराच्या तराजूत घातले. पावती नाही, प्रमाणपत्र नाही. फी भरली गेली.

असो. त्या संध्याकाळी निघताना मी रीतीप्रमाणे पेटीपुढे अकरा रुपये ठेवले. दहाचं नाणं आणि एकाचं नाणं. गणपती दिसला नसला तरी आत असण्याची शक्यता होती. तात्यांनी एकाचं नाणं कपाळाला लावून खिशात टाकलं. दहाचं उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, नाणं बल्बखाली धरलं आणि त्यावरच्या रेघा मोजायला लागले.

"पंधरा आहेत," म्हणाले. "हे चालत नाही हल्ली. नोट नाही का?"

इथे माझा तोल गेला, आणि अजून आलेला नाही. दहाच्या नाण्याचे २०१८ सालापर्यंतच चौदा नमुने निघाले होते. दहा रेघांचं चालतं, पंधरा रेघांचं चालतं, रुपयाचं चिन्ह असलेलं चालतं, नसलेलं चालतं. वारंवार जाहीर झालंय, वर्तमानपत्रांत छापून आलंय. तरी गावागावांत पानवाल्यापासून पेट्रोल भरणाऱ्यापर्यंत प्रत्येक जण नाणेतज्ज्ञ. ज्याला स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठीतल्या ओळी मोजता येत नाहीत तो दहाच्या नाण्यावरच्या रेघा मोजतो. परवा मी मेथीची जुडी घेतली, दहाचं नाणं दिलं, तर भाजीवाली म्हणाली, "दादा, हे घरी ठेवा, जपून." अगं बाई, हे जपायचं नाही, हेच तर खर्चायचं आहे! कायद्याने रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात. आठ आणे अजून बंद झालेले नाहीत, दहा रुपयांपर्यंत चालतात. वीस आठ आणे मोजून मेथीची जुडी घेणं हा माझा हक्क आहे, आणि तो बजावायला गेलो तर मंडईत माझी वरात निघेल. सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट ठेवायचं आणि दोन रुपयांचं नाणं दिलं की 'लहान आहे' म्हणून परत करायचं! मेडिकलवाल्याने मला गेल्या वर्षभरात दिलेल्या चॉकलेटांची किंमत करा, तात्यांची पेटी येईल. आणि इकडे हेच तात्या. मातृभूमीचं, सरकारचं, खणखणीत, हातात येणारं, कुठेही चालायला हवं असं दहा रुपयांचं नाणं नको, आणि ज्या देशात ते कधी पाऊल टाकणार नाहीत, ज्या देशाचं नाव त्यांनी मला तीन वेळा तीन प्रकारे सांगितलं, त्या देशाचं न बघितलेलं, न वाजवलेलं, चांदीच्या भावाच्या तिप्पट देऊन घेतलेलं नाणं कपाटात! चलन म्हणजे जे चालतं ते. मराठीत हा शब्द इतका साधा आहे की त्याला प्रमाणपत्र लागत नाही. पण आपण चालणाऱ्याला उभं केलं आणि उभ्याला मखमलीत बसवलं.

मी ते दहाचं नाणं परत खिशात टाकलं. वहिनींनी जिन्यापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारलं, "भाऊजी, खरंच असतील ना हो आत?" त्यांच्या कपाटात मुलाच्या मुंजीतला चांदीचा तांब्या आहे. तो उघडा आहे, त्यात पाणी भरता येतं, आणि त्याला भाव विचारायला आजवर कुणी आलेलं नाही.

मी काय सांगणार? म्हणालो, असतील.

पण मला झोप नाही. तेव्हा वाचकांना एक कळकळीची विनंती. ५००० मालकांपैकी कुणीतरी हे सदर वाचत असेल. आपल्यापैकी एकाने जरी पेटी उघडली असेल, नातवाने फाडली असेल, उंदराने कुरतडली असेल, तर आत आठ आहेत का, एवढंच पोस्टकार्डावर कळवावं. नाव-पत्ता छापणार नाही. तात्यांनाही सांगणार नाही.