पाणी घालावं न लागणारी झाडं

झाडांना पाणी घालायला विसरणाऱ्या माणसांची सोय निसर्गाने केव्हाच करून ठेवली आहे. त्यांनी पाण्यातच झाडं लावावीत. मे महिन्यात गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली द्यायची, "जरा दिवसाआड तांब्याभर" अशी गळ घालायची, परत आल्यावर मोगऱ्याच्या काड्या बघत "यंदा ऊन फारच होतं हो" हे ऐकून घ्यायचं आणि वर त्यांच्यासाठी आणलेली हापूसची पेटी हसतमुखाने द्यायची, हा सगळा व्यवहार फिशटँकमधल्या झाडांच्या बाबतीत उद्भवतच नाही. आंबे आपले आपल्याला राहतात.

मात्र पंथ निवडताना सावध राहावं. या क्षेत्रात दोन पंथ आहेत. पहिल्याचे गुरू जपानचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५). हा मूळचा सायकल-शर्यतपटू, पुढे छायाचित्रकार झाला आणि काचेच्या पेटीत अख्खी रानं, डोंगर, दऱ्या उभ्या करू लागला. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने अखेरच्या वर्षी उभारलेला टँक ४० मीटर लांब होता आणि त्यात १ लाख ६० हजार लिटर पाणी मावत असे. बघून हात आपोआप जोडले जातात, आणि ते जोडलेलेच ठेवावेत. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका या पंथाचे. त्यांच्या टँकला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आहे, वाकड्या पात्याच्या कात्र्या आहेत, हातभर लांब चिमटे आहेत. त्यांच्याकडे "गॅस संपला" असं कोणी म्हणालं की कुठला, हे विचारावं लागतं.

दुसरा पंथ आमचा. त्याचा मूळपुरुष रॉबर्ट वॉरिंग्टन, हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं सोडली. काही दिवसांनी जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं. दुसरा कोणी असता तर बाह्या सरसावून साफसफाईला लागला असता. वॉरिंग्टनने आत तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, गोगलगायींची अंडी माशांनी खाल्ली, माशांचा मैला झाडांनी घेतला, आणि वॉरिंग्टनने खुर्चीत बसून ते लिहून काढलं. १८५० मध्ये तो निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचला गेला. स्वतः काही न करता सगळ्यांना कामाला लावायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा, हे कार्यालयांत पुष्कळांना जमतं. विज्ञानात मात्र पहिला मान त्याचा.

पंथ ठरला तरी झाडं दुकानातूनच आणावी लागतात. क्रॉफर्ड मार्केटची गल्ली असो नाहीतर स्टेशनबाहेरचं दुकान, पाण्यात बुडवून ठेवलेलं प्रत्येक झाड पाण्यातलं असतंच असं नाही. लकी बांबू म्हणून मिळतो तो ड्रॅसिना. मुळं पाण्यात आणि पानं हवेत ही त्याची अट. सबंध बुडवला की काही आठवडे तग धरतो आणि मग कुजतो. सिंगोनियम आणि पीस लिली यांचंही तेच. तग धरण्याची मुदत दुकानदाराला तोंडपाठ असते.

"हे पाण्यात राहील ना?"

"राहील म्हणजे? पाण्यातच आहे की, साहेब."

या युक्तिवादापुढे पाकीट काढण्यावाचून इलाज नसतो. खरी पाण्यातली झाडंसुद्धा बऱ्याचदा रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यामुळे टँकमध्ये आल्यावर ती पहिली पानं टाकून देतात आणि पाण्याला मानवेल अशी नवी काढतात. मधल्या काळात झाडाकडे बघवत नाही. तेव्हा न बघणं हाच उपचार. रोपांबरोबर गोगलगायींची अंडी फुकट येतात. ज्यांना ती नको असतील ते रोपं तुरटीच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन मगच आत सोडतात. आमच्याकडे तुरटी दाढीच्या डब्यातच राहिली. वॉरिंग्टनला ज्या मुद्दाम आणाव्या लागल्या त्या आपणहून घरी आल्या, तर दार कशाला लावायचं?

आता आमच्या कुलदैवताकडे वळू. त्याचं नाव अनुबियास. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांकाठचं, सावलीतलं झाड. १८५७ मध्ये शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला अनुबिस या कोल्हेमुखी इजिप्शियन देवाचं नाव दिलं. अनुबिस मेलेल्यांचा देव, आणि झाड मात्र मारू म्हटलं तरी मरत नाही. उजेड कमी असला तरी चालतो, खत नसलं तरी चालतं, गोल्डफिशही सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. महिन्याकाठी एखादं गडद हिरवं पान काढून ते पुन्हा स्वस्थ बसतं. पथ्य एकच. त्याचं आडवं जाड खोड मातीत गाडायचं नाही. गाडलं की कुजलं. ते दगडाला नाहीतर लाकडाला बांधायचं. मुळं आपली आपण पकड घेतात.

हे पथ्य जपायला सोपं वाटतं, पण त्यासाठी घरात मी एकटा राहत असायला हवा. उघडी मुळं दिसली की आमच्याकडे कोणाला ना कोणाला दया येते. आईने "अरे, उपटून आलंय ते" म्हणत त्याला खडीत खोचलं. मी बाहेर काढलं. संध्याकाळी चिरंजीवांनी पुण्यकर्म म्हणून पुन्हा खोचलं. शेवटी ते लाकडाला पक्कं बांधायचं ठरलं आणि दोऱ्याचा प्रश्न आला. मला पांढरा दोरा चालला असता. पण बायको मॅचिंग सेंटरमध्ये गेली, काउंटरवरच्या माणसाने ब्लाउजपीस दाखवा म्हटल्यावर तिने पर्समधून अनुबियासचं पान काढून ठेवलं. त्या माणसाचं कौतुक असं, की त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता तीन हिरवी रिळं समोर ठेवली आणि "उजेडात बघून घ्या ताई" म्हणाला. फेव्हिक्विकच्या थेंबानेही हे काम होतं, आणि पाणी लागलं की तो थेंब लगेच घट्ट होतो. पण घरात जुळणारा दोरा आल्यावर हे सांगण्यात अर्थ नव्हता.

जावा फर्नचं पथ्य तेच. त्याच्या पानांमागे तपकिरी ठिपके येतात आणि जुन्या पानांच्या टोकाला चिमुकली रोपं फुटतात, मुळांसकट. ठिपके हे बीजाणूंचे पुंजके आणि रोपं ही संतती, म्हणजे घरात आनंदाचा प्रसंग. पण पाहुण्यांपैकी एक तरी जण काचेला नाक लावून "रोग पडलाय" असं निदान करतोच. मग कडुलिंबाचं तेल, ताक, हळद अशी औषधं सुचवली जातात. मी सगळी लिहून घेतो.

क्रिप्टोकोरिनची तऱ्हा निराळी. ही झाडं मातीतच लावायची, पण एकदा लावली की जागा बदलायची नाही. बदलली तर लग्नात मानपान चुकलेल्या व्याह्यांसारखी ती रुसतात आणि बघता बघता सगळी पानं विरघळून जातात. माणूस हळहळून मुळासकट उपटून टाकतो. तसं करू नये. दोन-तीन आठवडे कळ काढली की खालून नवी पानं येतात आणि मग वर्षानुवर्षं ती तिथून हलत नाहीत.

याच झाडामुळे आमच्या आत्याचा या विषयात प्रवेश झाला. ती कुडाळची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आली होती आणि नव्या डोळ्याने पहिली निवांत बघितलेली वस्तू म्हणजे आमचा टँक. थोडा वेळ बघून म्हणाली, "ह्यां आमच्या व्हाळात गावता रे. ह्येका पैशे दिलंस?"

आत्याचं थोडं चुकलं होतं. दुकानात मिळते ती क्रिप्टोकोरिन वेंटी, ती श्रीलंकेची. पण तिची सख्खी भावंडं आपल्याकडच्या नद्या-ओढ्यांत आहेत: रेट्रोस्पायरॅलिस आहे, स्पायरॅलिस आहे, आणि कॉग्नाटा तर पश्चिम घाटाच्या टापूबाहेर सापडत नाही. तेव्हा ती दुर्मीळ झाडं व्हाळातून उपटून आणण्यापेक्षा पैसे देऊन वेंटी आणलेलीच बरी, असं मी आत्याला समजावलं. "आपल्या व्हाळातला फुकट नको, श्रीलंकेतला इकत होया," एवढाच त्याचा सारांश तिने फोनवरून कुडाळला कळवला.

व्हॅलिस्नेरियाला मात्र पथ्यपाणी काही नाही. लांब फितीची पानं आणि जमिनीलगत धावणाऱ्या शाखा, प्रत्येक शाखेला नवं रोप. लावताना एका कोपऱ्यात लावायची. उरलेले कोपरे ती स्वतः शोधते. लग्नाची रीत मात्र बघावी. मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळाशीच सुटतात, वर येतात आणि तरंगत तरंगत तिला गाठतात. परागण झालं की तो देठ स्प्रिंगप्रमाणे गुंडाळला जातो आणि फूल खाली ओढून नेतो. पाहुण्यांच्या घोळक्यातून नव्या सुनेला इतक्या लवकर सोडवणारी पद्धत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

हायड्रिला आपल्या सगळ्यांच्या शाळेतली. उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी, आत प्राणवायूचे बुडबुडे. आमच्या शाळेत हा प्रयोग फळ्यावर झाला. आकृती काढून नावं दिली की हायड्रिला प्राणवायू सोडत असे. खरी हायड्रिला टँकमध्ये टाकली तेव्हा भर उजेडात तिच्या पानांवरून बुडबुड्यांच्या माळा वर जाताना दिसल्या आणि शिक्षण पूर्ण झालं. तिची वाढ भयंकर. १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांना अजून आवरलेली नाही. आपल्याकडे तो अनुभव जलपर्णीने दिलाच आहे. इंद्रायणी आणि पंचगंगेच्या काठावरच्या लोकांना तिची ओळख करून द्यायला नको. म्हणून टँकमधली छाटणी नाल्यात किंवा तळ्यात टाकायची नाही. वाळवून कुंडीत घालावी, नाहीतर पिशवीत भरून मित्राला द्यावी. मित्र आता बेल वाजली की आधी आयहोलमधून माझ्या हातांकडे बघतात.

या झाडांना लागतं ते इतकंच: सहा ते आठ तास दिवा, अधूनमधून थोडं पाणी बदलणं, आणि बाकीच्या वेळी सोडून देणं. शेवटची गोष्ट आमच्या घराण्यात कोणालाच जमलेली नाही. आईला रिकाम्या खोलीत जळणारा दिवा सहन होत नाही. ती तो बंद करते. पाहुणे आले की बायको तो लावते आणि ते गेल्यावर रात्रभर तसाच राहतो. टायमर बसवला तर आईने प्लगच काढला. दिवा जास्त झाला की शेवाळ येतं, आणि शेवाळाला खाद्याची जोड आत्याने दिली. माशांना दिवसातून एकदा, चिमूटभर, हे तिला पटेना. "उपाशी मारतंस त्यांका" म्हणत ती दुपारी सगळे झोपले की मूठ सोडायची. उरलेलं खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो, शेवाळाची चंगळ होते. काका वरून येऊन बघून गेले आणि म्हणाले, "सिलिंडर घ्या." मी वॉरिंग्टनच्या मार्गाने गेलो. टँकच्या कडेवर मनीप्लांटची फांदी अडकवली, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पाण्यातलं जास्तीचं नायट्रेट पिऊन ती टीव्हीमागून पडद्याच्या दांडीपर्यंत पोचली. आई खूश झाली, कारण ती फांदी मी जिन्यातल्या कुंडीतून न विचारता तोडली होती, आणि चोरून आणलेला मनीप्लांटच फळतो.

एवढ्या गुणी झाडांचं कूळ काय, हे आत्याने एकदा विचारलं. मी आनंदाने सांगितलं: अनुबियास, क्रिप्टोकोरिन, मनीप्लांट, तिन्ही अळूच्या कुळातली.

आत्या टँकजवळ सरकली. "अळवाचीच आसत मां? मगे ह्येची वडी होतली काय?"

मी घाईने सांगितलं की कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो, मासेसुद्धा म्हणूनच तोंड लावत नाहीत.

"माशांका काय कळता. दोन सोलां जास्ती घातली काय खवखवना नाय."

मग मी तिला हिशेब घातला. आमच्या जातीच्या अनुबियासचं पान जेमतेम दोन इंचाचं, येतं महिन्याला एक. एका उंड्यापुरती पानं जमायला पुढचे गणपती उजाडतील.

"थांबान मां," आत्या म्हणाली. "दुसरो डोळो रवलोच आसा."